मद्यासक्ती : आनुवंशिक घटक

मद्यपानाच्या अनिवार व्यसनाला मद्यासक्ती म्हणतात. तिचा धोका सर्वांना सारखा नसतो. या तफावतीचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे जुळ्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून दिसते. तीत अनेक जीनांचा थोडाथोडा वाटा असला, तरी सर्वांत स्पष्ट परिणाम मद्याच्या चयापचयाशी संबंधित जीनांचा आहे. यकृतात अल्कोहॉलापासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी संयुग बनते व नंतर दुसऱ्या एंझाइमामुळे त्याचे ॲसिटेटात रूपांतर होते. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत या दुसऱ्या एंझाइमाच्या, १२ व्या गुणसूत्रावरील, जीनाचा दुर्बल प्रकार आढळतो. त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड साचून थोड्या मद्यानेही चेहरा लाल होतो, मळमळते व छातीत धडधडते. हा प्रकार माता व पिता या दोघांकडून आलेल्या व्यक्ती सहसा मद्यासक्त होत नाहीत. तो एकाकडूनच आलेल्यांना मात्र अंशतःच संरक्षण लाभते. जपानमधील मद्यासक्त रुग्णांत अशांचे प्रमाण १९७९ मध्ये २.५%, १९८६ मध्ये ८% व १९९२ मध्ये १३% आढळले. इतक्या अल्पावधीत लोकसंख्येची जीनरचना बदलत नाही. म्हणून ही वाढ सामाजिक परिस्थितीमुळे झाली, असे मानतात. असे लोक मद्यपान करीत राहिल्यास त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोकाही अधिक असतो.