फोमच्या पोटातलं पाहणारा डायोड

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान झेपावलं. ऐंशीएक सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्ससच्या आकाशात फुटलं आणि कल्पना चावलासह सातही जण गेले.

फोमच्या पोटात पोकळी किंवा चीर राहिली आहे का, हे तो न कापता कसं कळावं? मुळात हा फोम म्हणजे बव्हंशी हवाच. त्यातली आणखी थोडी हवा क्ष-किरणांना उठून दिसत नाही आणि अल्ट्रासाउंड तर आत शिरताशिरताच विरतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये शी-चेंग झांग यांच्या गटाने २००५ मध्ये या कामाला २०० गिगाहर्ट्झच्या लहरी लावल्या. त्यांची लांबी दीड मिलिमीटर. या लहरी फोममधून जवळपास विनासायास जातात, पण पोकळीच्या कडेशी विखुरतात. त्यामुळे दोषाची बाह्यरेषा चित्रात उमटते. आणि लहरींचा उगम? गन डायोड. आयबीएममधल्या जे. बी. गन यांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलेल्या परिणामावर चालणारा हा डायोड पोलिसांच्या वेगमापक रडारमध्ये वर्षानुवर्षं वापरात होता.

या लहरी ज्यात मोडतात तो साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झचा पट्टा अभियंत्यांना फार काळ हुलकावणी देत आला. खालून जावं तर ट्रान्झिस्टर तेवढे चपळ नाहीत. वरून, लेझरच्या बाजूने उतरावं तर १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. खोलीतली उष्णताच त्याच्या सहापट. म्हणून या पट्ट्यातले सेमीकंडक्टर लेझर थंडगार ठेवावे लागतात.

यातून वाट काढली ती रेझोनंट टनेलिंग डायोडने. लिओ एसाकी, राफाएल त्सू आणि लेरॉय चँग यांनी १९७०च्या दशकात आयबीएममध्ये त्याचा पाया घातला. एकदोन नॅनोमीटर जाडीचे दोन अडथळे आणि मध्ये तितकीच चिंचोळी जागा. इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्या जागेतल्या ठरावीक पातळीशी जुळली, तरच तो बोगद्यातून गेल्यासारखा पार होतो. व्होल्टेज आणखी वाढवलं की जुळणी मोडते आणि प्रवाह वाढण्याऐवजी घटतो. खरी गंमत या उलट्या वागण्यात आहे. सर्किटमधली आंदोलनं एरवी रोधामुळे मरतात. इथे डायोडच दर फेरीला झोक्याला हात लावत राहतो. टोकियोत मासाहिरो असादा आणि साफुमी सुझुकी यांच्या गटाने २०१० मध्ये अशा डायोडकडून १ टेराहर्ट्झची मर्यादा ओलांडून घेतली, आणि पुढे जवळपास २ पर्यंत मजल मारली. तेही खोलीच्या तापमानाला.

रडारला याचा उपयोग काय? अंतराचा बारकावा पट्ट्याच्या रुंदीवर ठरतो. मोटारीतल्या रडारला ७६ ते ८१, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ मिळतात. त्यात तीन सेंटीमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या कळत नाहीत. वर टेराहर्ट्झकडे १०० गिगाहर्ट्झ मोकळे सापडले, तर हीच मर्यादा दीड मिलिमीटरवर येते. मात्र या डायोडची वारंवारता थोडी डळमळते. त्यावरचा एक उपाय मला फार आवडतो: लहरीच्या तीव्रतेवरच, समजा, १० गिगाहर्ट्झचा चढउतार चढवायचा आणि परतीच्या चढउताराची कला मोजायची. एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे ०.०४ मिलिमीटर. मूळ लहर जराशी सरकली तरी हिशेब बिघडत नाही.

‘भिंतीपलीकडचं दाखवणारं रडार’ अशा बातम्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. टेराहर्ट्झ लहरी कोरडा कपडा, पुठ्ठा, प्लास्टिक यांतून जातात; धातूवरून परततात आणि पाण्यात संपतात. ५५७ गिगाहर्ट्झला तर हवेतली वाफच त्यांना गिळते. कोकणातल्या जुलैच्या हवेत काय होईल, ते विचारूच नका. त्यामुळे त्यांचं काम जवळचंच: रंगाच्या थराची जाडी, खोक्याच्या आतला माल, कपड्याखालची वस्तू.

जपानच्या रोम कंपनीने २०२४ मध्ये अर्धा मिलिमीटर चौरस चिपवरच्या ३२० गिगाहर्ट्झ डायोडचे नमुने द्यायला सुरुवात केली. एका डायोडची शक्ती अजून तुटपुंजीच आहे. म्हणून एकाच चिपवर अनेक डायोड बसवून त्यांना एका तालात आणायची खटपट चालू आहे.