बालमधुमेह आणि इन्सुलिन पंप

ज्या बालकाच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी त्याच्याच देहातील प्रतिकारशक्तीने नष्ट केल्या आहेत, ते पथ्याने वा काढ्याने बरे होईल ही समजूत आपल्याकडे अद्याप सुशिक्षित घरांतूनही आढळते, आणि ती प्राणघातक आहे. अशा मुलाला बाहेरून दिलेले इन्सुलिन हेच जीवन होय. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. आणि संशोधकांनी आपला स्वामित्वहक्क तेथील विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकला, तो या औषधावर कोणाची मक्तेदारी होऊ नये याच हेतूने.

निरोगी देहात इन्सुलिन अष्टौप्रहर थोडेथोडे स्रवत असते आणि अन्नग्रहणाबरोबर वाढते. दिवसाकाठी चार-पाच इंजेक्शने घेऊन मोठ्या माणसाला या क्रमाचे अनुकरण बऱ्याच अंशी साधते. परंतु दोन वर्षांच्या मुलाला लागणारी मात्रा इतकी अल्प असते, की इंजेक्शनच्या पेनमधून देता येणारे अर्धे युनिटही कधी जास्त ठरते, आणि इंजेक्शन दिल्यावर त्याने दोन घासांनंतर तोंड फिरवले तर साखर उतरून ते घामाघूम होते, प्रसंगी त्याला झटके येतात. कमरेला अडकवलेला पंप बारीक नळीतून, त्वचेखाली बसवलेल्या कॅन्युलावाटे, युनिटच्या विसाव्या हिश्शाइतक्या सूक्ष्म प्रमाणात इन्सुलिन अखंड सोडू शकतो. पहाटेचा वेग निराळा, खेळण्याच्या वेळेचा निराळा, आणि जेवणाची मात्रा मुलाने खाल्ले किती हे पाहून देता येते. मात्र नळी तुंबली तर शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसल्यामुळे काही तासांतच रक्तात कीटोन ही घातक आम्ले वाढू लागतात. म्हणून पालकांना नीट शिक्षण दिल्यावाचून हे यंत्र त्यांच्या हाती सोपवणे धोक्याचे आहे.

असे महाग साधन कोणाला द्यावे, याचा इंग्लंडने केलेला निवाडा लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यावेत हे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या तेथील संस्थेने २००८ साली लेखी निकष घालून दिले: १२ वर्षांखालील ज्या मुलाला रोज अनेक इंजेक्शने देणे व्यवहार्य वा योग्य नाही त्याला पंप मिळावा, त्याहून मोठ्याला, प्रयत्नांची शिकस्त करूनही साखर धोकादायकरीत्या उतरत असेल, किंवा रक्तातील साखरेची दीर्घकालीन सरासरी दाखवणारे एचबीए१सी ८.५ टक्के वा त्याहून अधिक राहत असेल, तर मिळावा. २०२३ च्या डिसेंबरात, साखर सतत मोजून इन्सुलिनचा वेग आपोआप बदलणारी प्रणाली मुलांसाठी मंजूर करून तिच्या अंमलाला पाच वर्षांची मुदत देण्यात आली. या व्यवस्थेचे मोल असे, की बापाची ऐपत किती हा प्रश्न दप्तरात विचारलाच जात नाही. तरीही तेथील राष्ट्रीय पाहणीत गरीब वस्त्यांतील आणि कृष्णवर्णीय मुलांकडे पंप कमी प्रमाणात आढळत आले आहेत; म्हणजे हुकूम निघाल्यावरही तो शेवटच्या घरापर्यंत पोचला की नाही, हे कोणीतरी मोजत राहावे लागते.

आपल्या देशात अशा बालरुग्णांची संख्या जगात सर्वाधिक गणल्या जाणाऱ्यांत आहे. येथे पंपाची किंमत लाखांत, नळ्या-कॅन्युलांचा खर्च दरमहा हजारोंत, आणि तो जन्मभराचा. एखाद्या दात्याने यंत्र घेऊन दिले, तरी पुढच्या सामानाची तजवीज नसेल तर ते कपाटात पडून राहणार. माझ्या मते मार्ग उघड आहे: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मुलांसाठी इन्सुलिन, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि पालकांना शिकवणारी प्रशिक्षित परिचारिका अखंड व विनामूल्य उपलब्ध असावी, आणि त्याचबरोबर, सर्वांत लहान व सर्वांत अस्थिर मुलांना पंप कोणत्या निकषांवर मिळेल हे शासनाने लेखी जाहीर करून नळ्यांसह त्याचा खर्च उचलावा. वाचकांपैकी ज्यांचा शब्द आमदारांपर्यंत, जिल्हा परिषदेपर्यंत पोचतो, त्यांनी ही मागणी अवश्य करावी. आणि ज्यांच्या घरातील मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागले आहे, वारंवार लघवीला जात आहे, वाळत चालले आहे, त्यांनी त्याच दिवशी त्याच्या रक्तातील साखर तपासून घ्यावी.