अंगठ्याला आधार, हाताला उसंत

कणीक मळणे, बरणीचे झाकण उघडणे, ओले फडके पिळणे, कुलपात किल्ली फिरवणे, जपमाळेचा मणी पुढे सरकवणे, अशा बहुतेक कामांत अंगठा पुढे असतो. तो दुखू लागेपर्यंत मात्र त्याची आठवण कुणाला होत नाही.

पन्नाशीच्या आसपास अनेक स्त्रियांना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटालगतच्या सांध्यात, वेदना जाणवू लागतात. तेथील कूर्चा झिजते, अस्थिबंध सैल होतात आणि सांधा जागेवरून किंचित सरकू लागतो. चिमटीच्या टोकाशी 1 किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे 12 किलोचा भार येतो, असे गणित 1977 मध्ये अभ्यासकांनी मांडले होते. म्हणूनच साधी चिमूट धरणेही या सांध्याला जड जाते.

अशा वेळी स्प्लिंट उपयोगी पडते. दुखऱ्या सांध्याला योग्य स्थितीत धरून ठेवणारा हा बाहेरचा आधार होय. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. परंतु सांध्याची नको ती हालचाल थांबते आणि कामाचा ताण सुसह्य होतो. काही स्प्लिंट मऊ, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या असतात, तर काही विशिष्ट प्लास्टिकच्या. हे प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या हातावरच घडवतात. हे काम व्यवसायोपचारतज्ज्ञाचे. या शास्त्राच्या शिक्षणाचा पाया भारतात 1950 मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घातला.

स्प्लिंट निवडताना दुखणे कोणत्या सांध्याचे आहे, हे आधी पाहावे लागते. अंगठ्याच्या मुळासाठीची स्प्लिंट आखूड असते. तिच्यात चारही बोटे मोकळी राहतात. मनगट सुजले असेल तर मनगटाला आधार देणारी स्प्लिंट लागते. बोटाचा मधला सांधा उलट बाजूला वाकत असेल, तर अंगठीसारखी लहान स्प्लिंट पुरते. दुकानातून अंदाजाने आणलेला पट्टा चुकीचा सांधा जखडून ठेवू शकतो.

तिच्याकडून तात्काळ गुणाची अपेक्षाही ठेवू नये. फ्रान्समध्ये 112 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रात्री स्प्लिंट वापरणाऱ्यांना पहिल्या महिन्यात विशेष फरक जाणवला नाही. वर्षअखेरीस मात्र त्यांच्या वेदना इतरांपेक्षा कमी झालेल्या आढळल्या. याउलट, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, व्यायाम आणि सांधे जपण्याचे शिक्षण मिळालेल्यांना स्प्लिंटमुळे आठ आठवड्यांत अधिकचा लाभ झाला नाही. यातून बोध एवढाच, की स्प्लिंटला धीराची आणि व्यायामाची जोड हवी.

रूमेटॉइड आर्थ्रायटिसची गोष्ट वेगळी. दोन्ही हातांचे सांधे सुजणे आणि सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तासाहून अधिक टिकणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. तेथे स्प्लिंट बांधून वाट पाहू नये. सांध्यांची हानी वेळेवर घेतलेल्या औषधांनीच रोखता येते.

वापराचे काही नियम ध्यानी ठेवावेत. तज्ज्ञाने सांगितलेल्या वेळीच स्प्लिंट घालावी आणि काढल्यावर बोटे हलकेच हलवावीत, अन्यथा सांधा आखडतो आणि स्नायू दुबळे होतात. बोटांना मुंग्या आल्या, ती निळसर पडली किंवा त्वचेवर लाल व्रण राहिले, तर ती सैल करून घ्यावी. प्लास्टिकची स्प्लिंट उन्हात किंवा कढत पाण्यात ठेवू नये. तिचा आकार बिघडतो.

घरातील माणसांचे वागणेही येथे महत्त्वाचे ठरते. हातावरचा पट्टा पाहून एक घर म्हणते, “हे सगळे कामाचे निमित्त!” दुसरे घर त्या माउलीला स्वयंपाकघरात पाऊलच टाकू देत नाही. पहिल्या घरात ती वेदना लपवते, दुसऱ्यात स्वतःला निरुपयोगी समजू लागते. हाताला काम हवेच, फक्त ते अंगठ्याला झेपेल असे हवे. लाटण्याची मूठ कापड गुंडाळून जाड करावी, पातेले दोन्ही हातांनी उचलावे, घट्ट झाकण घरातल्या तरुणाने उघडून द्यावे आणि फडके पिळण्याऐवजी नळावर टांगून निथळू द्यावे. आधार स्प्लिंटने द्यावा आणि उसंत घराने, म्हणजे तो हात आणखी कित्येक वर्षे आपली कामे आपणच करील.