आईचे पाय बांधणारीं मुलें



मीं छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. त्या काळांतली एक लहानशी गोष्ट अजून मनांतून जात नाहीं. आजच्या विषयाचा आरंभ तिच्यापासूनच करितों.

आमच्या शाळेंत जवळच्या एका बालकाश्रमांतील कांहीं मुलें येत असत. दरवर्षीं थंडीच्या दिवसांत त्या आश्रमांत परदेशांतून तरुण-तरुणींचा एखादा जथा येई. ते दोन-तीन आठवडे राहत, भिंतींना रंग देत, मुलांना गाणीं शिकवीत, त्यांना खांद्यावर घेऊन नाचवीत आणि शेवटीं डोळे पुसत निघून जात. एके दिवशीं मीं चौथींतल्या एका मुलास सहज विचारलें, "काय रे, या खेपेस आलेल्या ताईचें नांव काय?" तो पाढे घडाघड म्हणणारा मुलगा, पण म्हणाला, "नांवें कशाला पाठ करायचीं, गुरुजी? ती जाणारच आहे."

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, रडें नव्हतें. नुसता हिशेब होता. त्या हिशेबानें मला विचार करावयास लाविलें. परमुलुखांत जाऊन पोरक्या मुलांच्या घरांत सेवा करणें म्हणजे रोजच्या आयुष्यांत नेमकें काय करणें? या प्रश्नाचें उत्तर मला ज्या एका बाईंच्या चरित्रांत सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

त्या बाईंचें नांव एमी कारमायकेल. आयर्लंडांतील मिलाइल या समुद्रकांठच्या खेड्यांत १८६७ सालीं त्यांचा जन्म झाला. १८९३ सालीं त्या मिशनरी म्हणून जपानला गेल्या; परंतु प्रकृतीनें साथ दिली नाहीं. १८९५ च्या अखेरीस त्या हिंदुस्थानांत आल्या व पुढें दक्षिणेस तिरुनेलवेली भागांत जाऊन राहिल्या. तेथें प्रथम त्यांनीं तमिळ भाषेचा कसून अभ्यास केला. नंतर कांहीं देशी स्त्रियांस बरोबर घेऊन बैलगाडींतून गांवोगांव फिरून धर्मप्रचार करावा, असा त्यांचा क्रम चालला होता.

१९०१ सालीं हा क्रम मोडला. देवाला वाहण्यासाठीं ठेविलेली सात वर्षांची एक मुलगी देवळाच्या बायकांच्या घरांतून पळून आली आणि कारमायकेलबाईंना येऊन बिलगली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. मग तान्हीं मुलेंहि येऊं लागलीं. दोहनावूर नांवाच्या खेड्यांत त्यांचें घर उभें राहिलें, आणि गांवोगांव हिंडणारी प्रचारिका पाळण्यांच्या ओळींत अडकून पडली. मुलें आईचे पाय बांधतात, अशा अर्थाची एक म्हण तमिळमध्यें आहे. बाईंच्या बाबतींत ती अक्षरशः खरी झाली.

हा बदल त्यांना सहज मानवला असें नाहीं. ज्या कामासाठीं घरदार सोडलें तें टाकून लहान मुलांचीं नखें कापीत बसणें योग्य आहे काय, हा प्रश्न त्यांना सतावीत होता. इतर मिशनऱ्यांपैकीं कांहींना तर हा शक्तीचा अपव्ययच वाटे. उत्तर त्यांना स्वतःच्या धर्मग्रंथांत मिळालें. येशूनें कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, ही कथा योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. ज्यास गुरूनें हात लाविला तें काम हलकें कसें, असा विचार करून त्यांनीं त्या प्रश्नास कायमची रजा दिली.

आतां अशा घरांतील दिवस कसा जातो तें पाहूं. त्यांत दूरून ऐकणाऱ्यास वाटतें तसें रोमांचकारी कांहीं नाहीं. मुलांना न्हाऊं घालावयाचें, दूध तापवून निववावयाचें, ज्याला अपचन झालें त्याचें औषध मोजावयाचें, केसांतल्या उवा काढावयाच्या, भांडण सोडवावयाचें, मुळाक्षरें गिरवून घ्यावयाचीं, कोठीचा हिशेब लिहावयाचा आणि रात्रीं ताप चढलेल्या मुलाच्या उशाशीं बसून राहावयाचें. दुसऱ्या दिवशीं पुनः तेंच. आपल्या घरांतील आई व आजी जें न बोलतां करितात, तेंच येथें परक्या मुलांसाठीं, परक्या भाषेंत, परक्या हवेंत करावयाचें असतें.

दोहनावूरच्या व्यवस्थेंत तीन गोष्टी मला विशेष लक्षांत घेण्याजोग्या वाटतात. पहिली भाषेची. बाहेरून नवीन आलेल्या कार्यकर्त्यास आधीं तमिळ शिकावें लागे. कारण मुलाला दुःख होतें तें त्याच्या भाषेंत होतें, आपल्या भाषेंत नव्हे. दुसरी मोलाची. तेथें ठरीव पगार नव्हता आणि देणगीसाठीं लोकांपुढें हात पसरावयाचा नाहीं असा दंडक होता. गोऱ्या बायकाहि लुगडें नेसत, आणि अमुक काम देशी माणसाचें व अमुक साहेबाचें असा भेद ठेविलेला नव्हता.

तिसरी गोष्ट नात्याची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. तेथें कोणी 'मॅडम' नव्हतें. मुलांना सांभाळणाऱ्या देशी स्त्रिया त्यांच्या 'अक्का' होत. परदेशांतून आलेल्या बायका 'सित्ती', म्हणजे आपल्याकडील मावशी. पुरुष 'अण्णाची', म्हणजे थोरले भाऊ. आणि कारमायकेलबाई सर्वांच्या 'अम्मा'. कित्येक मुलांची जन्मतारीख कोणासच ठाऊक नसे. म्हणून मूल ज्या दिवशीं त्या घरांत आलें, तोच त्याचा 'येण्याचा दिवस' म्हणून दरवर्षीं साजरा होई. ज्याच्या जन्माची नोंद जगानें ठेविली नाहीं, त्याच्या येण्याची नोंद घरानें ठेविली!

या कामास दुःखाची बाजूहि होती. आरंभीं दोहनावूरला वैद्यकीय मदत नव्हती. आजारी अर्भकांसाठीं नेय्यूरच्या इस्पितळाजवळ एक वेगळें शिशुगृह चालवावें लागे, आणि तेथपर्यंतचा प्रवास बैलगाडीचा. तेथें सांथ आली तेव्हां कित्येक तान्हीं मुलें दगावलीं. असा घाव बसल्यावरहि दुसऱ्या सकाळीं उरलेल्या मुलांचें दूध तापवावेंच लागतें. सेवेची खरी परीक्षा त्या सकाळीं होते.

१९१८ पासून मुलगेहि तेथें घेऊं लागले. १९३१ सालीं बाई पडून जायबंदी झाल्या आणि पुढील सुमारें वीस वर्षें बहुतांशीं खोलींतच राहिल्या. परंतु मुलांना सोडून मायदेशीं परतल्या नाहींत. हिंदुस्थानांत पाऊल टाकल्यापासून १९५१ च्या जानेवारींत देह ठेवीपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षांत, त्या एकदांहि स्वदेशीं गेल्या नाहींत. त्यांच्या इच्छेप्रमाणें थडग्यावर शिळा नाहीं. पांखरांनीं पाणी प्यावें म्हणून एक दगडी पात्र आहे व त्यावर 'अम्मा' एवढेंच कोरलें आहे.

आपल्या महाराष्ट्रांतहि असा दाखला आहे. केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांतून वांचविलेल्या शेंकडों मुली होत्या. त्यांच्या मदतीस मिनी एब्रम्स या अमेरिकन बाई १८९८ सालीं आल्या व तेथें बिनपगारी राबल्या. मात्र घराची सूत्रें रमाबाईंच्या, म्हणजे याच भूमींतील एका स्त्रीच्या हातीं होतीं, हें विसरूं नये.

या लोकांच्या धर्मप्रचाराशीं सर्वांचें मत जुळेल असें नाहीं, आणि जुळावें असा माझा आग्रहहि नाहीं. शिवाय दुष्ट चाल केवळ एका घरानें बंद पडत नाहीं. मद्रास इलाख्यांत मुली देवाला वाहण्याची चाल कायद्यानें बंद झाली ती १९४७ सालीं, आणि त्यामागें डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासारख्या देशी स्त्रियांचे दीर्घ परिश्रम होते. परंतु कायदा होईपर्यंतच्या शेंकडों रात्रीं कोणी तरी पाळणा हलवावाच लागतो, हेंहि तितकेंच खरें.

आतां त्या चौथींतल्या मुलाकडे वळूं. त्यानें आपल्या अनुभवानें जें जाणलें, तें शास्त्रानेंहि पुढें मांडिलें आहे. १९५१ सालीं जॉन बोल्बी या इंग्रज वैद्यानें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं एक अहवाल लिहिला. बाळाच्या मनाच्या वाढीस एका माणसाची अखंड व ऊबदार सोबत अन्नाइतकीच लागते, असा त्याचा आशय होता. पुढें रुमानियांतील बुखारेस्ट शहरीं या शतकाच्या आरंभीं १३६ अनाथगृहवासी बालकांचें निरीक्षण सुरू झालें. त्यांतलीं निम्मीं मुलें पालक-कुटुंबांत ठेविलीं गेलीं. संस्थेंतल्या मुलांपेक्षां त्यांची वाढ चांगली झाली. त्यांतहि जीं दोन वर्षांच्या आंत घरांत गेलीं त्यांची अधिक. आपल्या देशाच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेंहि संस्था हा शेवटचा उपाय मानिला आहे. २०१९ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें अनाथगृहांतील हौशी स्वयंसेवेपासून मुलांना होणाऱ्या अपायाकडे राष्ट्रांचें लक्ष वेधलें.

कारण उघड आहे. दर पंधरा दिवसांनीं नवी ताई येते, जीव लावते आणि जाते. पाहुण्याला तो एक गोड अनुभव असतो. मुलाला मात्र तो पुनः एकदां सोडून दिल्याचा अनुभव होतो. त्यांतून अशा गृहांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप हयात असतात, केवळ दारिद्र्यामुळें मूल दूर गेलेलें असतें. तेथें त्या आईला मदत करणें हीच मुलाची खरी सेवा.

आज आपल्या घरांतील मुलें-मुलीहि सुटींत परदेशीं अशा सेवेस जाण्याची इच्छा धरितात. त्यांचा उत्साह मोडूं नये. त्यांना तीन प्रश्न मात्र विचारावे. तूं किती दिवस राहणार? तेथील भाषा तुला येते काय? आणि तूं परत आल्यावर तुझें काम तेथें कोण करील? उत्तरें समाधानकारक नसतील तर मुलांच्या अंगाखांद्यावर न खेळतां अक्कांना जड कामांत हातभार लावावा, त्यांना कांहीं विद्या शिकवावी, म्हणजे आपण गेल्यावर मुलाजवळचें माणूस जागचें हलत नाहीं.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. त्याला एकच नांव पाठ करावयाचें होतें, तें कायम टिकणाऱ्या माणसाचें. तें माणूस परदेशांतून आलें कीं शेजारच्या आळींतून, याची त्याला पर्वा नव्हती.