पुढील मात्रेपूर्वीची तपासणी

गरोदर किंवा नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीचा रक्तदाब वाढून तिला झटके येऊ लागतात, त्या अवस्थेस वैद्यकशास्त्रात ‘एक्लॅम्पसिया’ असे म्हणतात. माता आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेतणाऱ्या या विकारावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त व खात्रीचे औषध आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, डायझेपामच्या तुलनेने या औषधामुळे पुन्हा झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, असे आढळून आले. तथापि हेच औषध शरीरात प्रमाणाबाहेर साठले तर श्वास बंद पाडू शकते. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार नाही. त्या अंतरावर पहारा ठेवण्याचे काम प्रामुख्याने परिचारिकेकडे येते.

प्रचलित पद्धतीनुसार पहिली मोठी मात्रा दिल्यानंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम औषध आलटून पालटून एकेका नितंबाच्या स्नायूत टोचले जाते. शेवटचा झटका किंवा प्रसूती, यांपैकी जे नंतर घडेल तेथून २४ तास हा क्रम चालतो. डॉक्टरांचा आदेश केसपेपरवर एकदाच लिहिला जातो. मात्रा मात्र वेगवेगळ्या पाळ्यांतील वेगवेगळ्या हातांनी दिल्या जातात. म्हणूनच प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात, असा नियम आहे. गुडघ्याखाली हलकेच ठोकले असता पाय उडतो काय? श्वास मिनिटाला किमान १६ आहेत काय? मागील चार तासांत लघवी ताशी किमान ३० मिलिलिटर झाली आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ती मात्रा द्यावयाची नाही.

या नियमामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. लघवी कमी झाली की औषध आत साठू लागते. साठा वाढू लागला म्हणजे प्रथम गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, त्यानंतर श्वास मंदावतो आणि अखेरीस हृदय थांबते. म्हणजे शरीर आधी इशारा देते. तो टिपणारे कोणी खाटेपाशी असले पाहिजे, एवढेच.

वास्तविक खरी कसोटी येथून पुढे आहे, कारण नियम पाठ असणे आणि समोरच्या रुग्णाविषयी निर्णय करणे या दोन निराळ्या गोष्टी होत. पिशवीत लघवी थोडी दिसली, तर मूत्रपिंडे थकली आहेत की कॅथेटरची नळी मांडीखाली दबली आहे? की मागील पाळीत पिशवी रिकामी केली आणि नोंद राहून गेली? सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली असेल तर पाय उडणारच नाही. अशा वेळी कोपराजवळील झटका पाहावा लागतो. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले असता एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, आणि येथे १६ व १२ यांतील फरक क्षुल्लक नाही.

औषध भरतानाही हीच दक्षता हवी. ५० टक्के तीव्रतेच्या २ मिलिलिटरच्या कुपीत १ ग्रॅम औषध असते. परंतु सर्वच कुप्या एका तीव्रतेच्या नसतात. ४ ग्रॅमची शिरेतील मात्रा ८ मिलिलिटर औषधात १२ मिलिलिटर पाणी मिसळून सावकाश द्यावयाची असते. कॅल्शियम ग्लुकोनेट हा यावरील उतारा. १ ग्रॅमची भरण्यास तयार कुपी कपाटात नव्हे, खाटेजवळ असावी.

मात्रा रोखणे हा आदेशभंग नव्हे, ही गोष्ट अनेक रुग्णालयांतून अद्याप पुरेशी रुजलेली नाही. लेखी आदेश असताना औषध का दिले नाही, या प्रश्नाच्या धाकाने रात्री एकट्या असलेल्या तरुण परिचारिकेचा हात पुढे होतो. तिला धाकाऐवजी आधार देणे हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे. डॉक्टरांना कळविताना “पेशंट बरी वाटत नाही” एवढे सांगून भागत नाही. “डॉक्टर, चार तासांत लघवी ८० मिलिलिटर आहे, श्वास १४ आहेत, गुडघ्याचा झटका मिळत नाही. दोनची मात्रा थांबविली आहे, आपण आताच यावे,” असे सांगितले म्हणजे फोनवरील माणसाला विचार करण्यासारखे काही मिळते. हेच शब्द वेळेसह केसपेपरवर उतरले पाहिजेत.

उपकेंद्रातील प्रशिक्षित ए.एन.एम.ला या औषधाची पहिली मात्रा, म्हणजे प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम, देऊन रुग्णास वरच्या रुग्णालयात पाठविता येते. स्त्रीला डाव्या कुशीवर निजवून गाडी निघते. घाईत चिठ्ठीवर मात्रा लिहावयाची राहते. रुग्णालयात ती स्त्री बेशुद्धावस्थेत पोहोचते, सोबतच्या सासूबाईंना “सुई दिली” एवढेच ठाऊक असते, आणि तेथील परिचारिका पहिली मात्रा पुन्हा भरू लागते. औषधाचे नाव, एकूण ग्रॅम, कोठे टोचले आणि किती वाजता, या चार गोष्टी गाडीचे दार लागण्यापूर्वी चिठ्ठीवर असाव्यात.