शेवटच्या धारा

कुडाळजवळच्या एका वाडीतला गोठा, पहाटेचे साडेपाच. नववीतल्या दोन मुली आणि एक मुलगा स्टीलचे तीन पेले घेऊन उभे आहेत. पेल्यांवर चिकटपट्टी, त्यावर १, २, ३. गाय कोकण कपिला, लहान चणीची, जेमतेम दोन लिटर देणारी. काकी धार काढतायत. पहिल्या धारा पहिल्या पेल्यात गेल्या, मधल्या दुसऱ्यात. कासेत थोडं दूध ठेवूनच काकी वासराच्या दाव्याकडे वळल्या, तशी मुलगी म्हणाली, "काकी, वायच रवा. शेवटचा आमका होया."

त्या शेवटच्या पेल्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. काकींच्या दुधाला संकलनाला फॅट लागत नव्हती. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ, धरून निघतो. त्याखाली गेलं की पॉइंटामागे पैसे कापले जातात आणि वर पाणी घातल्याचा संशय येतो. ज्या बाईने थेंबभर पाणी घातलेलं नाही तिला तो संशय पैशांपेक्षा जास्त लागतो, हे मी त्यांच्या ओसरीवर बसून ऐकलं होतं. मुलांनी तोच प्रश्न प्रकल्पाला घेतला.

साडेदहाला शाळेच्या प्रयोगशाळेत फॅट मोजायच्या गर्बर पद्धतीची मांडामांड झाली. ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली सल्फ्युरिक आम्ल ओतण्याचं काम सरांनी स्वतःकडे ठेवलं, चष्मा आणि हातमोजे घालून. त्यावर १०.७५ मिली दूध, तेही नळीच्या कडेने, अगदी सावकाश. मग १ मिली अमाइल अल्कोहोल आणि रबरी बूच. हलवताक्षणी नळी चटका बसण्याइतकी तापते, म्हणून ती फडक्यात गुंडाळलेली. दुधातली प्रथिनं आम्लात विरघळतात, सगळं तपकिरी होतं, स्निग्धांश तेवढा सुटा राहतो. हाताने फिरवायच्या सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं, ६५ अंशांच्या पाण्यात थोडा वेळ, की अरुंद मानेत पिवळसर, पारदर्शक स्तंभ उभा. मुलीने नळी डोळ्यांच्या रेषेत धरली, श्वास रोखून आकडा वाचला, आणि नळी दुसरीच्या हातात दिली. दोघींचा आकडा जुळल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, असा त्यांचा नियम.

पहिला पेला : १.८. दुसरा : ३.१. तिसरा : ६.४.

वर्गात क्षणभर कुणी बोललंच नाही. स्निग्धांश कासेत मागे रेंगाळतो आणि शेवटच्या धारांना उतरतो, हे जुन्या जाणत्या गवळ्याला ठाऊक असतं. पण काकींचं घट्ट दूध रोज वासराच्या पोटात जात होतं आणि पातळ तेवढं किटलीत, हे आता त्यांच्याच गायीच्या आकड्यांत दिसत होतं.

पाण्याच्या संशयाचा धागाही सुटला, तोही चुकीतून. मुलाने गोठ्यातच, कोमट आणि फेसाळ दुधात, दुधाचा दाटपणा दाखवणारा लॅक्टोमीटर सोडला होता. डिग्री २६, पाणी घातल्यासारखी. त्याचा चेहरा पडला. शाळेत तेच दूध २७ अंशांवर आणून, फेस बसल्यावर पुन्हा मोजलं, तर २८ च्या थोडं वर. गरम दूध विरळ असतं, अंशामागे डिग्री साधारण ०.२ ने हलते. फळ्यावर दुरुस्तीचं गणित मांडताना त्याच्या आवाजात जो भरवसा आला, तो धडा पाठ करून येत नाही. उलटी बाजूही सरांनी दाखवली : साय काढून पाणी घातलं तर डिग्री बरोबर दिसू शकते. म्हणून डिग्री आणि फॅट, दोन्ही पाहायची.

शाळेत असं शिकवण्याची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं आणि त्या शिकण्यातून गावाला खरी सेवा द्यायची, हा त्यांचा आग्रह. आज ‘स्टेम’ म्हणून महागडे संच शाळांत येतात, दिवे लुकलुकतात, प्रदर्शन संपलं की कपाटात जातात. मला तरी ज्याच्या उत्तराची कुणीतरी घरी वाट बघतंय, असाच प्रकल्प खरा वाटतो.

त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात शाळा सुटेपर्यंत निळ्या नळ्यांचा पहारा चालला होता. १० मिली दुधात १ मिली मिथिलीन ब्लू, ३७ अंशांचं पाणी. थर्मामीटर बघत गरम पाणी घालत राहायचं काम आळीपाळीने. जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. एक दूध नुसती विसळलेल्या किटलीतलं, दुसरं गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेल्या किटलीतलं. गाय एक, धार एक. पहिली नळी मधल्या सुट्टीआधीच तळापासून पांढरी पडली. दुसरी शाळा सुटायच्या बेतात होती तरी निळी. आपल्याकडच्या दमट हवेत दूध कूलरपर्यंत पोचायच्या आधीच किती हातचं जातं, ते त्या दोन नळ्या शेजारी शेजारी धरल्यावर कळलं. रतीब घालणारा असो की डेअरीला घालणारा, घाटावरून येणाऱ्या पिशवीशी त्याची बरोबरी व्हायची तर सुरुवात किटलीपासून आहे.

संध्याकाळी मुलं वही घेऊन काकींकडे गेली. काकींनी आकडे दोनदा विचारून घेतले. मग वासराकडे बघत म्हणाल्या, "आणि ह्येका काय घालू?"

याचं उत्तर वहीत नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी ठरलं : वासराने आधी प्यायचं, पान्हाही सुटेल आणि त्याचं पोटही भरेल, मग शेवटच्या धारेपर्यंत काकींनी काढायचं. पण वासरू खंगता कामा नये. परवा गेलो तेव्हा तोच मुलगा शिंप्याची टेप घेऊन वासराच्या छातीचा घेर मोजत होता, आणि वहीत फॅटच्या शेजारी एक नवा रकाना आखलेला होता.