पिशवीच्या आतली कातडी

रुग्णालयांत रक्त साठवले जाते ती मऊ पिशवी आणि ते रुग्णाच्या शिरेपर्यंत नेणारी नळी सामान्यतः पीव्हीसी या प्लॅस्टिकची असते. हे प्लॅस्टिक मुळात कडक असून त्यात डीईएचपी नावाचे तेलकट द्रव्य मिसळल्यावरच ते लवचीक होते. अशा द्रव्याला मृदुकारक म्हणतात. वैद्यकीय वस्तूंत त्याचे प्रमाण वजनाच्या 20 ते 40 टक्के असू शकते आणि ते प्लॅस्टिकच्या साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसून त्यांच्यामध्ये केवळ सामावलेले असते, त्यामुळे रक्तातील स्निग्ध घटकांचा स्पर्श होताच ते हळूहळू बाहेर पाझरते. हे पाझरणे 1970 पासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत डीईएचपीमुळे नरांच्या प्रजननसंस्थेच्या विकासाला अपाय झाल्याचे दिसले, म्हणून 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अतिदक्षता विभागातील नवजात मुलग्यांबाबत विशेष सावधगिरीचा इशारा दिला.

मृदुकारक काढून टाकावा, तर पिशवी ताठर होते; शिवाय हेच द्रव्य तांबड्या रक्तपेशींच्या आवरणात शिरून साठवणीच्या काळात त्या फुटण्याचे प्रमाण कमी करते. पर्यायी मृदुकारक उपलब्ध आहेत, पण त्यातले फार थोडे पेशींना इतके मानवतात.

या पेचावर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील, म्हणजे भारतीय रक्तपिशवीचे तंत्रज्ञान जिथे विकसित झाले त्याच संस्थेतील, ए. जयकृष्णन आणि एस. लक्ष्मी यांनी शोधलेली वाट 1998 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्लॅस्टिकचा गाभा मऊच ठेवून त्याची वरची कातडी तेवढी घट्ट करावी, हा त्यामागचा विचार होता. पीव्हीसीच्या साखळीवर ठरावीक अंतराने क्लोरिनचे अणू असतात. त्यांची जागा सल्फाइडने घेतली की त्यातला गंधक दोन हातांनी दोन शेजारच्या साखळ्या धरतो आणि पृष्ठभागावर विणलेली जाळी तयार होते, जिच्यातून मृदुकारकाचा मोठा रेणू सहज निसटत नाही. अडचण अशी की सल्फाइड पाण्यात विरघळते आणि प्लॅस्टिक पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणून नावाड्याप्रमाणे सल्फाइडला पाण्यातून प्लॅस्टिकपर्यंत पोहोचवणारे एक उत्प्रेरक वापरले जाते. या प्रक्रियेनंतर पाझर लक्षणीय घटतो.

तरीही अशी कातडी सरसकट सर्व वस्तूंना चढवणे योग्य ठरणार नाही. प्रक्रिया अधिक झाली तर लवचीकता जाते, बिंबाणूंना म्हणजे प्लेटलेट्सना लागणारा प्राणवायू पिशवीच्या भिंतीतून आत येण्यास अडथळा होऊ शकतो, आणि तांबड्या पेशींच्या पिशवीत तर थोडा पाझरच उपकारक ठरतो. युरोपीय संघाने रक्तपिशव्यांसह वैद्यकीय साधनांतील डीईएचपीच्या वापराला 1 जुलै 2030 पर्यंत मुदत वाढवून दिली आहे. पिशव्यांची ही अडचण नळ्यांना मात्र नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दूध पाजणारी नळी किंवा डायलिसिसची नळी रक्तपेशी टिकवून धरण्यासाठी नसते, तेथे मृदुकारक पाझरण्याचा कोणताही लाभ नाही, आणि बाळाच्या लहानशा वजनाच्या मानाने त्याची मात्रा मोठी होते. म्हणून रुग्णालयांनी नवजात विभागासाठी नळ्या खरेदी करताना डीईएचपीविरहित किंवा पाझर रोखणाऱ्या पृष्ठभागाच्या नळ्यांची अट निविदेतच घालावी.